पणजोबांचं नाव : धुंडिराज की धोंडो?

वाचकाचं पत्र

माझा मुलगा दीड महिन्याचा आहे. बारसं लांबलं, कारण नावावर घरात एकमत होत नाही. माझ्या नवऱ्याच्या आजोबांचं नाव धुंडिराज. निदान जमिनीच्या कागदांवर तरी तेच आहे, गावात मात्र त्यांना सगळे धोंडोपंत म्हणायचे. नातवाला आपल्या वडिलांचं नाव द्यावं अशी सासऱ्यांची फार इच्छा आहे. नवऱ्याला नाव आवडलंय, मलाही ते भारदस्त वाटतं. पण नणंद म्हणते, धोंडो म्हणजे धोंडा, पोराचं नाव कुणी दगड ठेवतं का? जाऊबाईंनी मोबाइलवर शोधलं तर अर्थ निघाला ‘धुंद असलेला राजा’. शेजारच्या काकूंनी सांगितलं की होळीच्या गोष्टीतल्या राक्षसिणीचं नाव असंच काहीसं आहे. सासूबाईंची अडचण तर निराळीच. सासऱ्यांचं नाव त्यांनी उभ्या आयुष्यात तोंडातून काढलेलं नाही, मग नातवाला हाक कशी मारायची? या नावाचा खरा अर्थ काय? ते अशुभ आहे का? आणि शाळेत पोरं चिडवतील त्याचं काय?
— एक आई, ठाणे

उत्तर

ताई, आधी थोडक्यात सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. धुंडिराज हे गणपतीचं नाव आहे, आणि तेही काशीच्या गणपतीचं. धोंडो हे मुळात वेगळं नाव. त्याचा धोंड्याशी संबंध आहे हे नणंदबाईंचं म्हणणं खरं, पण म्हणून ते अशुभ ठरत नाही. ‘धुंद’ या शब्दाचा दोन्ही नावांशी काडीचा संबंध नाही. नावांचे अर्थ सांगणाऱ्या त्या याद्या जवळपासचा दिसेल तो शब्द उचलतात आणि पुढे ‘राजा’ जोडून मोकळ्या होतात. जाऊबाईंचा त्यात काही दोष नाही.

आता काशीची गोष्ट. स्कंदपुराणात काशीखंड नावाचा मोठा भाग आहे, त्यात ती येते. पृथ्वीवर मोठं अवर्षण पडलं तेव्हा ब्रह्मदेवाने दिवोदास नावाच्या राजाला काशीचं राज्य सांभाळायला सांगितलं. दिवोदासाने अट घातली की देवांनी आपापल्या स्वर्गात राहावं, पृथ्वीवर लुडबूड करू नये. ब्रह्मदेवाने ती मान्य केली, त्यामुळे खुद्द शंकरालाही काशी सोडून मंदर पर्वतावर जावं लागलं. राजा चांगला निघाला. त्याच्या राज्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि शंकराची पंचाईत तीच होती. त्याने चौसष्ट योगिनींना पाठवलं, मग सूर्याला, मग ब्रह्मदेवाला, मग आपल्या गणांना. जो गेला तो काशीच्या प्रेमात पडून तिथेच राहिला. शेवटी गणपती गेला, म्हाताऱ्या ज्योतिषाचं सोंग घेऊन. घरोघर हिंडून लोकांच्या स्वप्नांचे अर्थ सांगायला लागला. त्याची कीर्ती राणीच्या महालापर्यंत पोचली आणि तिथून राजापर्यंत. राजाला त्याने एवढंच सांगितलं, की अठराव्या दिवशी उत्तरेकडून एक ब्राह्मण येईल, तो सांगेल तसं करा. त्या ब्राह्मणाच्या रूपात विष्णू आला, राजाचं मन राज्यातून काढलं, आणि शंकराला काशी परत मिळाली.

परतल्यावर शंकराने गणपतीची स्तुती केली, आणि तिथे या नावाची फोड येते : ‘अन्वेषणे ढुण्ढिरयं प्रथितोऽस्ति धातुः’. ढुंढ् हा धातू शोधणं या अर्थाने प्रसिद्ध आहे. तू सगळे अर्थ, सगळे हेतू शोधून काढतोस म्हणून तू ढुंढि. आणि तुझी मर्जी असल्याशिवाय कुणाला काशीत प्रवेशही मिळायचा नाही, असंही लगेच पुढे म्हटलंय. तेव्हा तुमच्या बाळाच्या नावाचा अर्थ विचारलात तर तो हा : शोध घेणाऱ्यांचा राजा.

पुराणात दिलेली व्युत्पत्ती म्हणजे भाषाशास्त्र नव्हे, हे कबूल. ‘ढ’ने सुरू होणारे शब्द संस्कृतात मोजकेच आहेत, तेव्हा हा शब्द बोलीतून वर चढून संस्कृतात जाऊन बसला असावा असा माझा कयास आहे. पण अर्थ बदलत नाही. हिंदीतलं ढूँढना आणि आपलं धुंडणं, धुंडाळणं ही त्याचीच भावंडं. ढुंढि म्हणताना जिभेला दोनदा ‘ढ’ची कसरत करावी लागते, मराठीने ती टाळली आणि धुंडि केलं, बस्स. जुन्या पोथ्यांत ढुंढिराज दिसेल, आपल्याकडे धुंडिराज. नाव एकच.

काशीला विश्वनाथाकडे जाताना अन्नपूर्णेच्या देवळाजवळ हा गणपती आहे. काशीखंडाच्या हिशेबाने काशीभोवती विनायकांची सात कडी आहेत, प्रत्येक कड्यात आठ, म्हणजे छप्पन्न विनायक, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध ढुंढिराज. तुमच्या घरात कुणी काशीयात्रा केली असेल तर त्यांच्या कानावरून हा श्लोक नक्की गेला असेल :

विश्वेशं माधवं ढुण्ढिं दण्डपाणिं च भैरवम् ।
वन्दे काशीं गुहां गङ्गां भवानीं मणिकर्णिकाम् ॥

विश्वनाथ आणि बिंदुमाधव यांच्या पाठोपाठ तिसरा मान ढुंढीचा आहे, बघा.

तुम्ही विचाराल, काशीच्या गणपतीचं नाव कोकणातल्या घरात कसं आलं? काशी आणि महाराष्ट्र ही ये-जा फार जुनी आहे. पैठणहून काशीत गेलेलं भट्ट घराणं सोळाव्या शतकापासून तिथल्या पंडितांचं पुढारपण करत होतं. विश्वनाथाच्या देवळाच्या त्या शतकातल्या उभारणीशी त्यातल्या नारायणभट्टांचं नाव जोडलेलं आहे, आणि १६७४ साली शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचं आजचं देऊळ बांधलं. आयुष्यात एकदा काशी करून आलेला माणूस तिथून गंगेची गडवी आणायचा आणि कधीकधी नातवासाठी एखादं नावही. विश्वनाथ, काशिनाथ, गंगाधर, बिंदुमाधव ही नावं आपल्याकडे त्या वाटेने रुळली. धुंडिराज त्यांच्यातलंच, फक्त तेवढं पसरलं नाही.

आणि काशी लांब वाटत असेल तर रायगड जिल्ह्यातल्या पालीला जा. अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर तिथला. त्याच्या देवळामागे एक लहान देऊळ आहे, धुंडीविनायकाचं. पश्चिमेकडे तोंड करून बसलेली स्वयंभू मूर्ती आहे, आणि बल्लाळेश्वराच्या आधी तिचं दर्शन घ्यायची रीत आहे. कथा तुम्हाला माहीत असेल. कल्याण नावाच्या वाण्याचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात जायचा आणि एका दगडाला गणपती मानून पूजा करत बसायचा. पोरं घरी वेळेवर येईनात. गावकऱ्यांनी कल्याणकडे तक्रार केली. बाप चिडला, रानात गेला, पूजा उधळली, दगड भिरकावून दिला, पोराला मारून झाडाला बांधलं. गणपतीने बल्लाळला सोडवलं आणि त्याच्या नावाने तिथेच राहिला. आणि बापाने फेकलेला दगड तो धुंडीविनायक. तुमच्या घरातला वाद धोंडा आणि धुंडी यांचा आहे ना? पालीला त्या दोघांत भांडण नाही.

धुंडिराजची बाजू ही अशी. आता धोंडोकडे येऊ, कारण नणंदबाईंचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही.

घरात एकापाठोपाठ मुलं जात, तो काळ फार जुना नाही. आपल्या पणज्यांनी तो पाहिलाय. दोन-तीन लेकरं हाताची गेल्यावर पुढच्याचं नाव मुद्दाम हलकं ठेवायचे : दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकाजी. यमाची किंवा वाईट नजरेची दिशाभूल व्हावी, हा त्यामागचा हेतू. हा केर आहे, हा दगड आहे, भीक मागून आणलेला आहे, याला नेऊन काय करशील? नाव ओबडधोबड आहे, पण ते ठेवणाऱ्या आईला त्या पोराचं मोल किती होतं ते त्यातून कळतं. त्यामुळे ‘कुणी पोराचं नाव दगड ठेवतं का’ याचं उत्तर असं की हो, ठेवत होते, आणि जे पोर गमवायची सगळ्यात जास्त भीती होती त्याचंच ठेवत होते. (मुलींच्या ‘नकुशा’ला कृपा करून या यादीत बसवू नका. तिथे मुलगी खरोखरच नको असायची. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींना समारंभाने नवी नावं दिली, ते योग्यच झालं.)

शिवाय दगड टिकतो. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. १८५८ साली जन्मले, १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं, आणि १९६२ साली गेले तेव्हा वय १०४. नणंदबाईंना हे उदाहरण हळूच ऐकवा.

धोंडो नावाला आणखी एक वाट आहे, ती अधिक महिन्याची. आपण अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतो. जावयाला बोलवून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतो, तेहतीस अनारसे वाण देतो. चांद्र आणि सौर वर्षाचा मेळ बसवायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. या महिन्याचा देव पुरुषोत्तम, म्हणून त्यात जन्मलेल्या मुलाचं नाव पुरुषोत्तम ठेवत, नाहीतर सरळ धोंडू. तेव्हा एखाद्या धोंडूच्या नावामागे मुलं दगावण्याचं दुःख असेलच असं नाही, नुसतं पंचांगही असू शकतं.

मग तुमच्या पणजोबांचं काय झालं असेल? कागदावर धुंडिराज आणि तोंडी धोंडोपंत, हे कोडं मला पत्र वाचताना सगळ्यात आवडलं. जुन्या मराठीत लांब नावाचं एक आटोपशीर ओकारान्त रूप करायची पद्धत होती. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो. शिवाजीमहाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे, नाशिकला ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे ते नारोशंकर. पुढे ‘पंत’ लागला की मोरोपंत, नारोपंत. या चालीने धुंडिराजाचा धोंडो आणि धोंडोचा धोंडोपंत होणं अगदी सहज आहे. जिभेला धोंडो ओळखीचा होताच, दगडूचा भाऊ म्हणून. दोन वेगळ्या उगमांची नावं अशी एका हाकेत येऊन मिळाली असावीत. तुमच्याकडे कागदावर स्पष्ट धुंडिराज आहे, त्यामुळे माझं मत या बाजूला झुकतं : पणजोबा गणपतीचे, धोंडोपंत ही त्यांची रोजच्या वापरातली हाक.

खात्री करायची असेल तर ती घरबसल्या होण्यासारखी आहे. पणजोबांची जन्मपत्रिका कुठल्या तरी ट्रंकेत असेल. तिच्यात शके आणि महिना असतो, आणि अधिक महिना असेल तर पत्रिका करणाऱ्याने ‘अधिक’ लिहिल्याशिवाय सोडलेलं नसतं. (शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन निघतं.) सासऱ्यांना विचारा, त्यांच्या वडिलांच्या आधीची भावंडं लहानपणी गेली होती का. ही माहिती पुरुषांपेक्षा एखाद्या आत्याआजीकडे जास्त असते, तिला फोन करा. घरचा गणपती कुठला, पालीला किंवा काशीला कुणी गेलं होतं का, तेही विचारा. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला किंवा काशीला तुमच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये असतील, त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात, स्वतःच्या सहीसह. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते पान काढून देतात. पणजोबांनी स्वतः सही करताना काय लिहिलंय ते एकदा बघा. माझ्या मते त्या सहीपुढे माझ्यासकट सगळ्यांचे तर्क गप्प बसतील.

राक्षसिणीचं प्रकरण दोन वाक्यांत संपवते. भविष्योत्तर पुराणातल्या होळीच्या कथेत रघुराजाच्या राज्यात लहान मुलांना छळणारी ढुंढा नावाची राक्षसीण आहे, आणि पोरांनी आरडाओरडा करून, बोंबा मारून तिला पळवून लावलं अशी गोष्ट आहे, तेव्हा काकूंची आठवण चुकीची नाही. पण ढुंढा वेगळी, ढुंढि वेगळा. उद्या कुणी अधिक वाचलेला पाहुणा महाभारतातला धुंधु राक्षस काढेल, ज्याला मारून कुवलाश्व राजा धुंधुमार झाला. त्यालाही हेच उत्तर द्या. नुसत्या उच्चाराच्या जवळिकीवर नावं टाकायची ठरवली तर मराठीत ठेवायला फार थोडी उरतील.

हे नाव ठेवलेली माणसं कोण होती, हेही सासऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल. सगळ्यात प्रसिद्ध धुंडिराजाला सगळा देश ओळखतो, फक्त या नावाने नाही. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरला एका संस्कृत पंडिताच्या घरी जन्मले, आणि १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून मोकळे झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, पण तो जाहीर होताना ‘धुंडिराज’ कुणाच्या कानावर पडत नाही. त्यांच्या कितीतरी आधी ‘जातकाभरण’ हा ज्योतिषग्रंथ लिहिणारा ढुंढिराज होऊन गेला. गणपतीने ज्योतिषाचं सोंग घेतलं ते नाव एका ज्योतिषानेच मिरवलं, ही मला गंमत वाटते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या मराठी राज्यात ढुंढिराज व्यासयज्वा नावाचे पंडित होते, त्यांची ‘मुद्राराक्षस’ नाटकावरची टीका संस्कृतचे विद्यार्थी अजून वापरतात. आणि धोंडोपंत म्हणाल तर १८५७ चे नानासाहेब पेशवे : इंग्रजांच्या कागदांत ते नाना धोंडोपंत म्हणूनच येतात.

दादासाहेब, अण्णासाहेब, नानासाहेब. धुंडिराज फाळके, धोंडो कर्वे, धोंडोपंत पेशवे, तिघेही लोकांच्या तोंडी नात्याच्या हाकेनेच राहिले. यातच तुमच्या सासूबाईंच्या अडचणीचं उत्तर आहे. सासऱ्यांचं, दिरांचं नाव घ्यायचं नाही हा नियम आपल्याकडे इतका पक्का होता की आजोबांचं नाव ठेवलेल्या प्रत्येक नातवाला घरात दुसरी हाक असायचीच. त्यातूनच घराघरांत नाना, अण्णा, दादा, बापू, तात्या तयार झाले. दोन वर्षांच्या पोराला ‘अण्णा’ म्हणायला कुणाला काही वाटत नसे. सासूबाईंना सांगा, त्यांनी त्यांची हाक त्यांनीच ठरवावी. तो हक्क त्यांना द्या आणि त्यावर चर्चा करू नका. सासऱ्यांचं नाव तोंडातून न काढणाऱ्या पिढीला ते सोडायला लावण्यात काही पुरुषार्थ नाही. एखाद्या दिवशी नातू शाळेत पहिला आला की त्या आपणहून ‘आमचा धुंडिराज’ म्हणतील किंवा नाही म्हणणार.

तुम्ही मात्र, आणि तुमच्या नवऱ्याने, नाव पूर्ण घ्यायला हवं. चिडवण्याचं विचारलंत, तर खोटं कशाला सांगू, चिडवतील. धुंड्या म्हणतील, धोंड्या म्हणतील. वर्गात चार अथर्व असतात तेव्हा त्यांनाही काहीतरी म्हणतातच. मी इतकंच पाहिलंय की ज्या घरात आईबाप स्वतःच नाव घेताना कचरतात, पाहुण्यांना ‘जरा जुनंच आहे हो, सासऱ्यांचा हट्ट’ असं सांगतात, त्या घरातलं मूल ते नाव अंगावर वागवतं, घालत नाही. त्याला चार वर्षांचा झाल्यावर काशीच्या ज्योतिषाची गोष्ट सांगा. सोंग घेऊन, एकही शस्त्र न उचलता, अख्खी काशी परत मिळवणारा गणपती पोरांना फार आवडतो. वर्गात कुणी विचारलं तर त्याच्याकडे सांगायला गोष्ट असेल, आणि ती बहुतेकांकडे नसते.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं तर घ्या. बरेच जण असं करतात : वडीलधाऱ्यांचं मन राखायला कागदावर जुनं नाव, आणि पहिल्या दिवसापासून सगळीकडे ‘राज’. तसं करायचं असेल तर धुंडिराज ठेवू नका. राज हे छान नाव आहे, तेच ठेवा, आणि सासऱ्यांना खरं सांगा. पोराला आयुष्यभर फॉर्म भरताना एक आणि हाक ऐकताना दुसरं, असं द्यायचं तर त्याला काहीतरी कारण हवं, आणि ‘आजोबांना वाईट वाटलं असतं’ हे कारण त्याला अठराव्या वर्षी पटणार नाही. धोंडो ठेवायचं मनात आलं असेल तर तेही चालेल, मला ते नाव रांगडं आणि प्रेमळ वाटतं. पण तुमच्याकडे कागदावर धुंडिराज आहे, सासऱ्यांना वडिलांचं नाव हवंय, तर धुंडिराजच ठेवा.

जन्माक्षराचं तुम्ही विचारलेलं नाही, पण बारशाला कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून ठेवते. निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांतच नावाचे चार प्रकार दिलेत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. नक्षत्राच्या चरणाक्षरावरून येतं ते नाक्षत्रनाम वेगळं, हाक मारायचं वेगळं. तुमच्या बाळाचं चरणाक्षर काहीही असो, गुरुजींना ते नाव वेगळं काढून द्यायला सांगा. (हा निर्णयसिंधू १६१२ साली कमलाकरभट्टांनी लिहिला, आणि तेही त्या पैठणहून काशीला गेलेल्या भट्टांच्याच घराण्यातले. म्हणजे तुमच्या नावाला शास्त्राधार द्यायलाही ढुंढिराजाच्या गावचाच माणूस सापडला.)

बारसं करण्याआधी नणंदबाईंशी शांतपणे बोला. वाद जिंकल्यासारखं बोलू नका, पालीची गोष्ट आणि दगडूची गोष्ट दोन्ही सांगा, कारण त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर होता हे त्यांना कळायला हवं. शेवटी बाळाच्या कानात नाव सांगायचा आणि पाठीत धपाटे खायचा मान आत्याचाच. तिलाच नाव पटलेलं नसेल तर ती कानात काय सांगेल याचा भरवसा नाही.

राहता राहिलं कागदाचं काम. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती रुग्णालयामार्फत झाली असेल, बहुधा नावाशिवाय. घाबरू नका, बाळाचं नाव त्या नोंदीत वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण उशीर करू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार अशा बहुतेक ठिकाणी जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा झालाय, त्यामुळे त्यावर एकदा जे पडेल ते सगळीकडे जाईल. मराठीत धुंडिराज लिहिताना ‘डि’ ऱ्हस्व, कविराज आणि गिरिराज लिहितो तसा. एकटं लिहिलंत तर धुंडी, तेव्हा मात्र दीर्घ. इंग्रजी स्पेलिंग तुम्ही आणि नवऱ्याने आधी एका कागदावर लिहून ठरवा, ‘डी’नंतर ‘एच’ घालायचा, मधे ‘यू’ एकच की दोन ‘ओ’, हे सगळं. मला ‘यू’ बरा वाटतो, दोन ‘ओ’ घातले की परदेशात त्याचं काहीतरी भलतंच होतं. खिडकीपलीकडचा माणूस सवयीने ‘धोंडीराम’ लिहून मोकळा होईल, ती चूक मी दोन घरांत पाहिलीये. छापील प्रत हातात आली की तिथेच उभं राहून अक्षर अन् अक्षर वाचा, आणि मगच सही करा.